बचावरांगेतील माणसाची पारख

१९९५ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलच्या दोन संघांमध्ये जो एक सौदा झाला, त्याची आठवण त्या खेळाच्या जाणकारांत अद्यापि निघते. महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंना व्यावसायिक संघांनी क्रमाक्रमाने निवडून घ्यावयाची जी वार्षिक वहिवाट तेथे १९३६ पासून चालत आली आहे आणि जिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात, तीत त्या वर्षी सातव्या निवडीचा हक्क टॅम्पा बे बकनीअर्स या संघाकडे, तर बाराव्या निवडीचा फिलाडेल्फिया ईगल्सकडे होता. ईगल्सनी आपला बारावा हक्क, आणि त्याच्या भरीला दुसऱ्या फेरीतील दोन हक्क, बकनीअर्सच्या स्वाधीन केले. मोबदल्यात सातवी जागा आणि तिसऱ्या फेरीतील एक निवड घेतली. आणि त्या सातव्या जागेवर बॉस्टन कॉलेजच्या माइक मॅमुला या बचावरांगेतील तरुणाचे नाव पुकारले. बकनीअर्सची पाळी बाराव्या जागेवर आली तेव्हा त्यांनी मायामी विद्यापीठाचा वॉरन सॅप घेतला, आणि हाती असलेल्या दुसऱ्या फेरीतील हक्कांची अदलाबदल करून पहिल्याच फेरीत फ्लॉरिडा स्टेटचा डेरिक ब्रूक्सही मिळविला.

पुढचा हिशेब सर्वांना ठाऊक आहे. प्रतिपक्षाचा क्वार्टरबॅक चेंडू फेकावयास सिद्ध होत असतानाच त्याला मागच्या मागे आडवा करणे, ज्याला ‘सॅक’ म्हणतात, ते मॅमुलाने ईगल्सकडून खेळलेल्या पाच हंगामांत साडेएकतीस वेळा साधले. दोघांनी मिळून एकाला पाडले तर प्रत्येकाच्या खात्यावर अर्धा सॅक मांडतात, म्हणून ही अर्ध्याची भाषा. सॅपने आपल्या कारकीर्दीत साडेशहाण्णव सॅक केले, १९९९ साली तो वर्षातील सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला, आणि २०१३ साली त्याचा, व त्याच्या पाठोपाठ २०१४ साली ब्रूक्सचा, त्या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश झाला. ड्राफ्टपूर्वी इंडियानापोलिस येथे खेळाडूंच्या शारीरिक चाचण्यांचा जो सोहळा होतो, त्यात मॅमुलाने चाळीस यार्डांचे अंतर ४.६ सेकंदांच्या आत कापून सर्वांना थक्क केले होते, आणि त्या चाचण्यांचीच खास तयारी करून तो तेथे उतरला होता, ही गोष्ट मागाहून पुष्कळ सांगितली गेली. त्यावरून जो बोध काढण्याची प्रथा पडली आहे तो असा की, फूटपट्टी आणि घड्याळ खोटे बोलतात, अनुभवी डोळा तेवढा खरे बोलतो.

मला हा बोध मान्य नाही. मॅमुला हा फसवा खेळाडू होता असे त्याच्या कामगिरीवरून म्हणता येत नाही; गुडघ्याच्या दुखापतीने एक सबंध हंगाम बुडालेला असताना साडेएकतीस सॅक ही प्रामाणिक कमाई आहे, आणि तो पंचविसाव्या क्रमांकावर घेतला गेला असता तर त्याचे नाव कोणी उपहासाने घेतले नसते. दुसऱ्या बाजूने, सॅप बाराव्या जागेपर्यंत घसरला तो कोणत्याही मापामुळे नव्हे. १९९४ चा लोम्बार्डी पुरस्कार त्याच्या नावावर होता आणि त्याचा खेळ पाहिलेल्या कोणालाही त्याच्या योग्यतेविषयी संशय नव्हता. तो घसरला, कारण मादक द्रव्यांच्या तपासणीसंबंधीच्या वार्ता ड्राफ्टच्या ऐन तोंडावर वृत्तपत्रांत आल्या. तेव्हा १९९५ च्या त्या प्रकरणात चुकले ते घड्याळही नव्हे आणि डोळाही नव्हे. चुकली ती त्या साऱ्या कागदपत्रांची रुजवात. ज्या पुराव्याचा जेवढा अधिकार होता त्याच्या हद्दीबाहेरचा प्रश्न त्याला विचारण्यात आला, आणि त्याने दिलेले उत्तर ग्राह्य मानण्यात आले. बचावरांगेतील माणसाची पारख करताना घडणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ येथेच आहे अशी माझी समजूत आहे, आणि ती का झाली हे सांगावयाचे तर प्रथम तो माणूस मैदानावर कोणते काम करतो हे पाहिले पाहिजे.

दोन संघांच्या मधली जी रेषा, तिच्यावर दोन्ही बाजूंचे धिप्पाड खेळाडू एकमेकांपासून हातभर अंतरावर, हात जमिनीला टेकवून, वाकून बसतात. आक्रमक संघाच्या रांगेतील खेळाडूला एक फार मोठा लाभ असतो: चेंडू कोणत्या आरोळीवर हलणार आहे हे त्याला आधीच ठाऊक असते. बचावरांगेतील खेळाडूला ते ठाऊक नसते. त्याने आवाजावर विश्वास ठेवावयाचा नसतो, कारण आवाज त्याला फसविण्याकरिताही काढलेला असू शकतो. त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून चेंडू पाहावयाचा आणि तो हलताच निघावयाचे. त्यानंतरच्या दोन-अडीच सेकंदांत समोरचा तीनशे पौंडांचा माणूस त्याला रेटण्यास पुढे येत आहे की फेकणाऱ्याचे रक्षण करण्यासाठी मागे सरकत आहे, बाजूचा दुसरा माणूस त्याच्यावर चालून येत आहे की त्याला मुद्दाम मोकळा सोडून बगलेतून कोणी घाव घालणार आहे, हे सर्व त्याला अंगाला होणाऱ्या स्पर्शावरून ओळखावे लागते. ज्ञानात तो नेहमीच एक क्षण मागे असतो. ते मागासलेपण पहिल्या पावलाच्या वेगाने आणि हातांच्या शहाणपणाने भरून काढणे हाच त्याच्या कलेचा गाभा होय.

शिवाय ‘बचावरांग’ हा शब्द एक असला तरी त्या रांगेतील हुद्दे अनेक आहेत. प्रतिपक्षाच्या मधल्या खेळाडूच्या नाकासमोर बसणारा जो असतो त्याच्या जागेला शून्य म्हणतात. थोडे बाजूला सरकले की एक, त्यापलीकडच्या रक्षकाच्या बाहेरच्या खांद्यावर तीन, आणि टोकाच्या खेळाडूच्या बाहेरच्या खांद्यावर पाच, असे आकडे प्रशिक्षकांच्या बोलण्यात रूढ आहेत. शून्याच्या जागेवरच्या माणसाने बहुधा जागचे हलावयाचेच नसते. दोघे अंगावर आले तरी जमीन न सोडता त्यांना गुंतवून ठेवावयाचे, म्हणजे त्याच्या पाठीमागचा लाइनबॅकर मोकळा राहून धावणाऱ्याला गाठतो. नोंदवहीत नाव लागते ते त्या लाइनबॅकरचे. ज्याने दोघांचा भार आपल्या मांड्यांवर पेलला त्याच्या नावापुढे त्या डावाची कोणतीही नोंद होत नाही. तीनच्या जागेवरच्या माणसाकडून याच्या नेमकी उलट अपेक्षा असते: त्याने एकाच फटीतून विजेसारखे आत शिरावे. एका कामाला जे गुण ते दुसऱ्या कामाला अवगुण ठरू शकतात, आणि म्हणून ‘हा मुलगा चांगला आहे काय’ हा प्रश्न मुळातच अपुरा आहे. तो कोणत्या आकड्यावर बसणार, कोणत्या पद्धतीत, कोणाच्या हाताखाली, हे सांगितल्यावाचून त्याची किंमत ठरविणे म्हणजे जमिनीचा कस न पाहता नुसत्या क्षेत्रफळावर सारा आकारण्यासारखे आहे.

आता महाविद्यालयीन पुराव्याकडे वळू. या पुराव्याचा पहिला दोष असा की, तेथील प्रतिस्पर्धी समान दर्जाचे नसतात. वरच्या श्रेणीत सव्वाशेहून अधिक विद्यापीठे खेळतात, व्यावसायिक संघ अवघे बत्तीस, आणि ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत मिळून सुमारे अडीचशे तरुणांची निवड होते. याचा अर्थ असा की, होतकरू बचावपटूसमोर ज्या मुलाला शनिवारी उभे केलेले असते तो बहुधा पुढे शिक्षक, दुकानदार किंवा विमा-कचेरीतील अधिकारी व्हावयाचा असतो. त्याला ढकलून केलेले दोन सॅक आणि पुढे स्वतः व्यावसायिक होणाऱ्या रक्षकाला चकवून न मिळालेला एक सॅक, यांत अधिक बोलका पुरावा दुसरा आहे. परंतु आकडेवारीच्या तक्त्यात पहिला दोन म्हणून नोंदला जातो आणि दुसरा शून्य म्हणून.

या तक्त्यावर आणि चाचण्यांवर एकदमच भिस्त ठेवली असता काय होते याचे उदाहरण म्हणून व्हर्नन घोल्स्टन याचे नाव घ्यावे लागते, आणि ते घेताना मला त्या तरुणाविषयी सहानुभूतीच वाटते. २००७ साली ओहायो स्टेटकडून त्याने एका हंगामात चौदा सॅक करून आपल्या विद्यापीठाचा विक्रम केला. इंडियानापोलिसच्या चाचण्यांत त्याने २२५ पौंडांचे वजन पाठीवर निजून ३७ वेळा उचलले, आणि धावण्यातही त्याच्या आकाराच्या माणसाला शोभणार नाही असा वेग दाखविला. म्हणजे माप आणि फलित हे दोन्ही साक्षीदार त्याच्या बाजूने होते. न्यूयॉर्क जेट्सनी २००८ साली त्याला सहाव्या क्रमांकावर घेतले. तीन हंगाम आणि पंचेचाळीस सामने तो खेळला, आणि त्याच्या नावावर एकही सॅक लागला नाही. कारणे अनेक असतील. पण त्यांतले एक तरी उघड आहे की, महाविद्यालयात जो हात जमिनीला टेकवून टोकाच्या जागेवरून सरळ मुसंडी मारीत असे, त्याला जेट्सच्या पद्धतीत उभे राहून, मागे सरकून, मैदान वाचून खेळावयास सांगण्यात आले. त्याच्या बलाविषयी दिलेला दाखला खोटा नव्हता. तो दाखला दुसऱ्याच खात्याचा होता.

यावरून मोजमाप टाकून द्यावे असा निष्कर्ष मी काढीत नाही. मोजमापाचे एक खास अधिकारक्षेत्र आहे आणि त्याच्या आत त्याचा शब्द प्रमाण मानला पाहिजे. हातांची लांबी हा अशांपैकी एक विषय आहे. कारण दोन माणसे भिडतात तेव्हा ज्याचे तळवे समोरच्याच्या छातीवर आधी पोहोचतात तो त्या भिडण्याचा धनी होतो, आणि हात दीड इंच आखूड असतील तर ती उणीव केवळ जिद्दीने भरून निघत नाही. चाळीस यार्डांची धाव मात्र मला या खेळाडूच्या बाबतीत फारशी उपयोगी वाटत नाही, कारण बचावरांगेतील माणूस सरळ रेषेत चाळीस यार्ड वर्षातून किती वेळा धावतो? त्याच धावेतील पहिल्या दहा यार्डांचा वेळ वेगळा मोजतात तो अधिक मोलाचा आहे, आणि त्याहून मोलाची आहे ती तीन शंकूंभोवती वळसे घेत धावण्याची चाचणी, कारण तीत वेगात असताना कंबर आणि घोटा कितपत वाकतो हे उघड होते. टोकाच्या रक्षकाला वळसा घालून क्वार्टरबॅककडे जाणाऱ्याचे शरीर जमिनीशी जो कोन करते, तो कोन न करता येणारा माणूस कितीही बलवान असला तरी क्वार्टरबॅकच्या मागून निघून जातो. परंतु ही सारी मापे एवढेच सांगतात की, अमुक गोष्ट या शरीराला शक्य आहे. चेंडू हलल्यावर ती गोष्ट तो करील काय, याविषयी ती मौन पाळतात, आणि त्या मौनाचा अर्थ आपण होकारार्थी लावतो.

किंवा नकारार्थी. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ॲरन डोनाल्डच्या बाबतीत नेमके हेच घडले. २०१३ च्या हंगामात त्याने धावणाऱ्याला किंवा फेकणाऱ्याला रेषेच्या मागे पाडण्याची साडेअठ्ठावीस इतकी संख्या गाठली, आणि बचावपटूंना वा रांगेतील खेळाडूंना मिळणारे आउटलंड, लोम्बार्डी, नागुर्स्की व बेडनारिक असे चारही मोठे सन्मान एकाच वर्षी मिळविले. पुढे चाचण्यांत त्याने २८५ पौंडांचे शरीर घेऊन चाळीस यार्ड ४.६८ सेकंदांत पार केले. तरीही त्याच्या नावासमोर एक शेरा कायम राहिला: उंची कमी. सहा फूट एक इंचालाही किंचित कमी भरणारा माणूस मधल्या जागेवर दोघांच्या रेट्याखाली दबून जाईल, अशी ती शंका होती. शंका अगदीच निराधार होती असे नव्हे, कारण तशा चणीचे कितीतरी खेळाडू खरोखरच दबून गेले आहेत. पण येथे उंचीच्या मापाला भाराचा प्रश्न विचारला जात होता, आणि त्या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या चित्रफितींत आधीच नोंदलेले होते. ज्याचे खांदे खाली तो वरचढ, हा रांगेतील झुंजीचा पहिला नियम आहे. उंच माणसाला जी पातळी गाठण्यासाठी वाकावे लागते तेथे डोनाल्ड उभ्यानेच होता, आणि दोघे अंगावर आले असता तो मागे जात नाही, त्यांच्या मधल्या फटीत एक खांदा घालून उभा राहतो, हे त्याच्या सामन्यांत वारंवार दिसत होते. २०१४ च्या मे महिन्यात सेंट लुइस रॅम्सनी त्याला तेराव्या क्रमांकावर घेतले. त्याच संघाने त्याच संध्याकाळी दुसऱ्या क्रमांकाचा हक्क वापरून दुसऱ्याच एका तरुणाला आधी घेतले होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण तिच्यावरून असे दिसते की, ज्यांनी अखेर बरोबर निवड केली त्यांनाही आपल्या हाती काय येत आहे याची पुरती कल्पना नव्हती. डोनाल्ड २०१७, २०१८ आणि २०२० अशी तीन वर्षे सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला, २०१८ मध्ये त्याने साडेवीस सॅक केले, आणि २०२४ साली तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या खात्यावर १११ सॅक जमा होते.

मग चित्रफितीत पाहावयाचे तरी काय? हा खेळ मी पाहू लागलो तेव्हा, सर्व नवख्यांप्रमाणे, माझी नजर चेंडूमागे जात असे, आणि चेंडूमागे नजर गेली की बचावरांगेतील माणूस दिसेनासा होतो. त्याला पाहावयाचे तर चेंडू विसरावा लागतो. एकाच माणसावर डोळा ठेवून सबंध सामना पाहिला म्हणजे पहिल्या अर्ध्या तासात जी गोष्ट लक्षात येते ती त्याच्या हातांची. कच्चा खेळाडू पायांनी पुढे जातो आणि हात मागाहून आणतो. तोवर समोरच्याने त्याच्या छातीचा ताबा घेतलेला असतो. पक्का खेळाडू हात आणि पाऊल एकाच वेळी टाकतो, समोरच्याचे मनगट झटकून किंवा कोपर वर उचलून त्याचा तोल एका बाजूला नेतो, आणि मोकळ्या झालेल्या बाजूने निघतो. आपल्याकडील तालमीत वाढलेल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही; खडाखडीत जो मनगटांचा संवाद चालतो तोच हा. हे साम्य केवळ माझ्या कल्पनेतले नव्हे. कर्ली कल्प हा ॲरिझोना स्टेटचा खेळाडू १९६७ साली महाविद्यालयीन कुस्तीतील वजनदार गटाचा राष्ट्रीय विजेता होता. १९६८ साली डेन्व्हर ब्राँकोजनी त्याला दुसऱ्या फेरीत घेतले, आक्रमणाच्या रांगेत रक्षक म्हणून तो चालेल की काय याची परीक्षा पाहिली, आणि खेळवण्यापूर्वीच कॅन्सस सिटीला देऊन टाकले. तेथे त्याला बचावाच्या मधोमध, प्रतिपक्षाच्या नाकासमोर बसविण्यात आले, आणि १९७० च्या जानेवारीतील सुपर बोलमध्ये मिनेसोटाच्या संघाला त्या जागेवर त्याला आवरता आले नाही. तोही २०१३ साली, सॅपच्याच बरोबर, हॉल ऑफ फेममध्ये गेला. एकाच माणसाचे दोन संघांनी दोन अर्थ लावले, आणि एका अर्थी तो निरुपयोगी तर दुसऱ्या अर्थी असामान्य होता.

हातांनंतर पाहावयाची गोष्ट म्हणजे पहिला डाव फसल्यावर तो काय करतो. महाविद्यालयात पहिला डाव सहसा फसतच नाही, आणि त्यामुळे अनेक मुलांना दुसरा डाव शिकण्याची निकड भासत नाही. व्यावसायिक मैदानावर पहिल्याच रविवारी तो अडविला जातो आणि मग मुलगा नुसता ढकलत उभा राहतो. म्हणून ज्या क्षणी तो अडला आहे, तो क्षण मी त्याच्या यशाच्या क्षणांपेक्षा अधिक बारकाईने पाहीन. तसेच दर वर्षी अलाबामातील मोबिल येथे सीनियर बोल या सामन्याच्या निमित्ताने एकाला एक अशा झुंजी लावतात, त्या पाहताना मी थोडा हात राखून राहीन. तेथे बचावपटूला दुसऱ्या कोणाची भीती नसते, धावणाऱ्याला अडविण्याची जबाबदारी नसते, आणि सारे मैदान त्याचेच असते. डोनाल्डने तेथे सर्वांना हतबल केले हे खरे. पण तेथे चमकलेले सगळेच डोनाल्ड नव्हते. आणि अखेरीस, चौथ्या सत्रात, पाय जड झालेले असताना, डाव त्याच्यापासून दूर, मैदानाच्या पलीकडच्या कडेला चालला असता तो काय करतो? धावणाऱ्याला गाठण्याची शक्यता जवळजवळ नसताना जो धावत सुटतो, त्याच्याविषयी मला जे कळते ते कोणत्याही मुलाखतीत कळणार नाही.

या शेवटच्या गुणाला तिकडील पारखी ‘मोटर’ असे म्हणतात. याची मोटर गरम आहे, त्याची थंड आहे. शब्द सोयीचा आहे आणि म्हणूनच घातक आहे, कारण तो लिहिला की लिहिणाऱ्याला आपण काही पाहिले असे वाटते आणि वाचणाऱ्याला आपल्याला काही कळले असे वाटते, वस्तुतः दोघांच्या मनांत दोन भिन्न चित्रे असतात. ही अडचण साठ वर्षांपूर्वी ज्याने ओळखली तो मूळचा आपल्याच देशाचा, हे सांगताना मला समाधान वाटते. १९६० नंतरच्या काळात डॅलस काउबॉइज या नव्या संघाचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांनी खेळाडूंची निवड गणकयंत्राच्या साहाय्याने करता येईल काय, असा प्रश्न उपस्थित केला, आणि ते काम सलाम कुरेशी या अलिगढहून अमेरिकेत गेलेल्या तरुण संख्याशास्त्रज्ञाकडे आले. कुरेशींना क्रिकेट ठाऊक होते. अमेरिकन फुटबॉल त्यांना ठाऊक नव्हता. मला वाटते, हेच त्यांचे मोठे सामर्थ्य ठरले. जो शब्द जाणकारांना स्वयंसिद्ध वाटतो त्याचा अर्थ विचारण्याचा धीर परक्यालाच होतो. एक पारखी ‘चपळ’ म्हणतो आणि दुसरा ‘चपळ’ म्हणतो, यांत दोघांना अभिप्रेत असलेली वस्तू एकच आहे काय, हे ठरल्याखेरीज यंत्राला काहीच सांगता येत नव्हते. शेकडो गुणांची जंत्री चाळून अखेर चारित्र्य, चपळाई व शरीरावरील ताबा, स्पर्धावृत्ती, बौद्धिक तरतरी, आणि बल व स्फोटकता अशी पाच शीर्षके उरली, आणि सर्व पारख्यांनी एकाच मापश्रेणीवर आपले मत नोंदवावे असा शिरस्ता पडला. त्या काळात डॅलसने एलिझाबेथ सिटी स्टेट या लहानशा महाविद्यालयातून जेथ्रो प्यू याला १९६५ साली अकराव्या फेरीत उचलले, आणि तो १९७८ पर्यंत त्यांच्या बचावरांगेत उभा राहिला. त्याचे श्रेय यंत्राला किती आणि माणसांना किती हा वाद मी घालणार नाही. कुरेशींनी खेळाडूंना मोजण्यापूर्वी पारख्यांची भाषा मोजली, हे मला त्या साऱ्या उद्योगातील सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते.

त्या पाच शीर्षकांतील पहिल्याविषयी मात्र मला काळजी वाटते. चारित्र्याची नोंद करणे टाळता येत नाही हे मी मानतो. संघ त्या तरुणाला काही वर्षांचा करार आणि मोठी रक्कम देणार असतो, आणि तो सकाळी वेळेवर हजर राहील काय हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे. पण चाचणीगृहातील दृश्य डोळ्यांपुढे आणावे. एकवीस-बावीस वर्षांचे तरुण, त्यांतले पुष्कळसे कृष्णवर्णीय, जेमतेम वस्त्रांत, वह्या घेऊन बसलेल्या मंडळींसमोर एकामागून एक उभे राहतात, त्यांचे वजन पुकारले जाते, त्यांचे गुडघे व खांदे वैद्यांकडून पिळून पाहिले जातात, आणि मग बंद खोलीत त्यांना त्यांच्या घराविषयी प्रश्न विचारले जातात. या दृश्याला गुलामांच्या बाजाराची उपमा अमेरिकेतच अनेकांनी दिली आहे. उपमा पूर्णतः लागू पडत नाही, कारण हा तरुण स्वेच्छेने आलेला असतो आणि मोबदला घेऊन जातो. पण ती ज्यांना सुचली त्यांना ती उगीच सुचलेली नाही. अशा ठिकाणी एखाद्या अधिकाऱ्याने ऐकीव माहितीवर लिहिलेला ‘वृत्ती संशयास्पद’ असा दोन शब्दांचा शेरा त्या तरुणाला वाचावयास मिळत नाही, त्यावर कैफियत देता येत नाही, आणि तरी त्याच्या आयुष्यातील पहिल्या वेतनातून लाखो डॉलर वजा होतात; कारण २०११ पासून नवख्या खेळाडूचे वेतन तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला यावर जवळजवळ बांधलेले आहे. मापाची चूक झाली तर ती फिरून मोजून दुरुस्त होते. चारित्र्याच्या शेऱ्याची फेरतपासणी कोणी करीत नाही. म्हणून माझा आग्रह असा आहे की, या शीर्षकाखाली केवळ घडलेली आणि पडताळलेली घटना लिहावी, अनुमान लिहू नये. आणि ज्याने लिहिले त्याचे नाव तेथे असावे.

आपल्या निर्णयाविषयी किती खात्री बाळगावी, याचाही एक हिशेब झालेला आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी ड्राफ्टची अनेक वर्षे तपासून २०१३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. थेलर यांना पुढे २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. एकाच जागेच्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला हा लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस निघण्याचा संभव निम्म्याहून किंचितच अधिक असतो, असे त्यांना आढळले. तरीही वरची जागा मिळविण्यासाठी संघ दोन-दोन, तीन-तीन हक्क देऊन टाकतात, जसे ईगल्सनी १९९५ मध्ये दिले. आपल्याला माणूस कळला आहे असे वाटणे आणि माणूस कळणे यांतील अंतराची ही किंमत आहे. यास्तव अहवाल लिहिणाऱ्याने मी म्हणेन तो क्रम पाळावा असे नव्हे, पण त्याच्या अहवालात एवढे तरी असावे: कोणत्या आकड्यावर बसविल्यास हा मुलगा उपयोगी पडेल, कोणत्या आकड्यावर पडणार नाही, ज्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध त्याला पाहिले त्यांचा दर्जा काय, त्याला शिकवावयाचे काय उरले आहे, आणि लिहिणाऱ्याला स्वतःच्या मताविषयी शंका कोठे वाटते. या शेवटच्या रकान्याला नमुन्यात सहसा जागाच ठेवलेली नसते.

ती जागा रिकामी राहते तेव्हा जॉन रँडलसारखी माणसे बाहेर राहतात. १९९० च्या ड्राफ्टमध्ये, तेव्हा बारा फेऱ्या असूनही, कोणीच त्याचे नाव घेतले नाही. तो लहान होता. मिनेसोटाच्या संघाने वजनाची अट घातली तेव्हा अंगातील कपड्यांखाली साखळी बांधून तो काट्यावर उभा राहिला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. काट्याला जो प्रश्न विचारावयाचा नव्हता त्याचे उत्तर त्याने काट्याकडून असे काढून घेतले, आणि मग एकशे साडेसदतीस सॅक केले.

त्याहीपूर्वी, १९६१ च्या ड्राफ्टच्या आधी, लॉस एंजेलिस रॅम्सचे दोन पारखी काही महाविद्यालयीन खेळाडूंच्या चित्रफिती पाहत बसले होते. त्यांना हवे होते ते चेंडू घेऊन धावणारे. त्या फितीत रांगेत खेळणारा एक अवाढव्य तरुण त्यांना दिसला, आणि ज्यांची परीक्षा करावयास ते बसले होते त्या धावणाऱ्यांपेक्षा तो वेगाने पळत होता. त्याच्याविषयीचा अहवाल कोणी मागविलेला नव्हता, त्याचे माप कोणी घेतलेले नव्हते. त्याचे नाव डीकन जोन्स. ‘सॅक’ हा शब्द त्या खेळाच्या भाषेत आणल्याचे श्रेय पुढे त्यालाच देण्यात आले. रॅम्सनी चौदाव्या फेरीत त्याला पुकारले, तेव्हा त्याच्या आधी १८५ नावे होऊन गेली होती.